दिवस भरायच्या आधी झालेल्या लेकराची किडनी कशी सांभाळायची : खेड्यातल्या आईबापांसाठी

दवाखान्यातल्या काचेच्या उबदार पेटीतून लेकरू घरी येतं तेव्हा दवाखान्यातून बरंच काही सांगून पाठवतात. छातीशी धरून ठेवा, वाटी-चमच्यानं दूध पाजा, डोळ्यांचा पडदा अमुक तारखेला दाखवा, कानाची तपासणी चुकवू नका, वजन करत राहा. किडनीचं नाव त्यात सहसा नसतं. त्या दिवसांत सगळं लक्ष श्वासावर आणि वजनावर असतं, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण या मुलांच्या किडनीकडे पुढची कितीतरी वर्षं लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी लागतं ते एवढंच : वर्षातून एक-दोन चकरा, दोन स्वस्त तपासण्या आणि एक नीट जपलेली फाईल.

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, वजन बाराशे ग्रॅम. आता ती तिसरीत आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. तालुक्याला एसटीनं जावं लागतं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. मी डॉक्टर नाही. औषध ठरवणं त्यांचं काम. कोणती तपासणी मागून घ्यायची, कोणता कागद जपायचा आणि कुठे फसगत होते, तेवढं मी सांगते.

१. आधी समजून घ्या, किडनीचं काय राहून जातं

किडनीत रक्त गाळणाऱ्या अतिशय बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत त्या सरासरी नऊ-दहा लाख असतात. माणसामाणसांत फरक मात्र खूप असतो. यातल्या साधारण ६० टक्के गाळण्या गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास हे काम संपतं. लेकरू २८व्या किंवा ३०व्या आठवड्यात बाहेर आलं तर पुढचे काही आठवडे नवीन गाळण्या होत राहतात, पण कमी होतात आणि त्यातल्या काही नीट घडत नाहीत. त्यानंतर जन्मभर एकही नवीन गाळणी येत नाही. कपाशीची उगवण कमी झाली तर आपण नांग्या भरतो, तशा किडनीत नांग्या भरता येत नाहीत.

गाळण्या कमी असल्या की आहे त्यांच्यावर जास्तीचा भार पडतो. त्या फुगतात, जास्त काम करतात आणि काही वर्षांनी झिजायला लागतात. मग बीपी वाढतो, लघवीतून प्रोटीन जायला लागतं. बॅरी ब्रेनर नावाच्या अमेरिकी किडनीतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हा विचार मांडला, तेव्हापासून तो बराच तपासला गेला आहे.

घाबरून जाऊ नये म्हणून एक आकडाही सांगते. स्वीडनमध्ये १९७३ ते २०१४ या काळात जन्मलेल्या ४० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१९ साली छापून आला. ३७ आठवड्यांच्या आत झालेल्यांना किडनीचा दीर्घ आजार होण्याचा धोका पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळपास दुप्पट, आणि २८ आठवड्यांच्या आत झालेल्यांना तिप्पट निघाला. पण त्या सगळ्या मुलांमध्ये मिळून हा आजार हजारात साधारण एकालाच झाला होता. म्हणजे तुमच्या-माझ्या लेकराची किडनी चांगली राहण्याचीच शक्यता जास्त आहे. लक्ष ठेवायचं ते जे थोडे जण घसरतात ते वेळेत कळावेत म्हणून, कारण किडनी बरीच बिघडेपर्यंत दुखत नाही आणि कुरकूरही करत नाही.

पूर्ण दिवसांचं पण अडीच किलोच्या आतलं लेकरू असेल, तर हा लेख त्याच्याही आईबापांसाठी आहे. पोटात वाढ कमी झाली तरी गाळण्या कमी राहतात.

२. सुट्टीचा कागद कुणाकडून तरी नीट वाचून घ्या

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि घाईत लिहिलेलं असतं. ते ट्रंकेत टाकून देऊ नका. पहिल्याच फेरतपासणीला बालरोगतज्ज्ञांसमोर धरा आणि या गोष्टी एकेक विचारून मराठीत खाली लिहून घ्या :

- किती आठवड्यांचं झालं, आणि जन्माचं वजन.
- आत असताना लघवी कमी झाली होती का, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळत असली की तो वाढतो) वाढलं होतं का, वाढलं असेल तर सगळ्यात जास्त किती.
- नाळेतून रक्तवाहिनीत नळी टाकली होती का.
- जेंटामायसिन, अमिकासिन, व्हँकोमायसिन ही अँटिबायोटिक्स किती दिवस चालली.
- हृदयाजवळची नस बंद व्हावी म्हणून आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिन दिलं होतं का.
- लघवी वाढवणारं औषध, म्हणजे फ्युरोसेमाइड, किती दिवस दिलं.

ही औषधं चुकीची होती असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांनीच लेकरं वाचवली. पण यातली बरीचशी किडनीला थोडी जड पडतात, आणि फ्युरोसेमाइड बरेच दिवस चाललं तर किडनीत चुन्याचे कण साचू शकतात. पुढे कोणत्याही डॉक्टरला हे माहीत असलेलं बरं.

आत असताना क्रिएटिनिन वाढलं असेल, तर साधारण तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी पुन्हा तपासून घ्यायची असते. डिस्चार्जच्या कागदावर तशी तारीख नसेल तर मागून घ्या. "आता चांगलं आहे ना, मग कशाला?" असं कुणी म्हटलं तरी मागा.

३. फाईल बनवा, आणि ती अठरा वर्षं टिकेल अशी बनवा

माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि याला पैसे लागत नाहीत. फाईलमध्ये काय हवं :

- डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- माता-बाल संरक्षण कार्ड (पहिल्या पानावर आठवडे आणि जन्मवजन पेनानं मोठ्या अक्षरात लिहा)
- जन्मदाखला, आधार (पाच वर्षांच्या आत बाल आधार), रेशन कार्डाची झेरॉक्स
- आयुष्मान कार्ड असेल तर ते
- सगळे लघवी-रक्ताचे रिपोर्ट, तारखेच्या क्रमानं
- सोनोग्राफीचा लेखी रिपोर्ट आणि फोटो
- एक साधी वही : तारीख, वजन, उंची, बीपी, लघवीतलं प्रोटीन. पाच रकाने पुरे.

फाईल जपताना दोन गोष्टींत फसगत होते. सोनोग्राफीचे काळे-पांढरे फोटो आणि मशिनमधून निघणाऱ्या गुळगुळीत चिठ्ठ्या उष्णतेवर छापलेल्या असतात. त्या एक-दोन उन्हाळ्यांत उडून कोऱ्या होतात. आणि जपायच्या म्हणून लॅमिनेशन केलं तर मशिनच्या उष्णतेनं पूर्ण काळ्या पडतात. त्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरही पाठवून ठेवा. दुसरं म्हणजे, मूळ कागद दवाखान्याच्या खिडकीवर ठेवून येऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

४. बीपी मोजून घ्या, आणि पट्टा पाहून मोजून घ्या

लहान लेकराचा बीपी मोजायचा असतो हेच आपल्याकडे कुणाच्या डोक्यात नसतं. साधारण मुलांचा बीपी तीन वर्षांपासून वर्षातून एकदा मोजावा असं सांगतात. पण ३२ आठवड्यांच्या आत झालेल्या, खूप कमी वजनाच्या किंवा पेटीत राहिलेल्या मुलांचा तीन वर्षांच्या आधीपासून, प्रत्येक फेरतपासणीला मोजायला हवा. हे तुम्हालाच आठवण करून द्यावं लागेल.

खरी अडचण पट्ट्याची आहे. उपकेंद्रात किंवा गावातल्या दवाखान्यात बहुतेक वेळा मोठ्या माणसांचा एकच पट्टा असतो. काडीसारख्या दंडाला तो दोन-अडीच वेढे बसतो, कोपरापासून काखेपर्यंत सगळा हात झाकून टाकतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणजे बीपी वाढलेला असला तरी "नॉर्मल" लिहून मिळतो. उलट, पट्टा फार लहान असेल तर नसलेला बीपी दिसतो. बरोबर पट्टा कसा ओळखायचा? आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि लांबी दंडाभोवती ८० ते १०० टक्के यावी. बऱ्याच पट्ट्यांवर कडेला एक उभी रेघ आणि आत दोन खुणा छापलेल्या असतात. गुंडाळल्यावर ती रेघ दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. एवढं आपल्याही डोळ्यांना दिसतं.

ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात बालरोग विभागात लहान पट्टे मागा. "लहान मुलांचा कफ आहे का?" एवढंच विचारायचं. कफ म्हणजे हाच पट्टा. तिथे नसेल तर वॉर्डातून आणून देतात. आम्हाला एका ठिकाणी "एवढ्या लेकराचा कशाला मोजता" म्हणून परत पाठवलं होतं. पुढच्या वेळी मी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पुढे केली आणि काम झालं. कागद बोलतो तेवढं आपण बोललो तरी ऐकलं जात नाही, हा माझा अनुभव आहे.

मोजताना लेकरू रडत असेल तर तो आकडा धरू नका. पाच मिनिटं मांडीवर शांत बसू द्या, जमलं तर पाजून घ्या. उजवा हात, हृदयाच्या उंचीवर. मोठं मूल असेल तर पाय जमिनीला टेकलेले आणि पाठ टेकलेली. आकडा जास्त आला तर त्याच बैठकीत पुन्हा मोजायला सांगा.

आणखी एक. १२०/८० हा आकडा मोठ्यांचा आहे. मुलांचा बीपी वय, उंची आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर ठरतो. पाच वर्षांच्या लेकराचा वरचा आकडा १०४च्या किंवा खालचा ६४च्या पुढे गेला तरी तक्ता पाहून पुढचा विचार करायचा असतो. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाच्या कागदावर १२०/८० आणि पुढे "नॉर्मल" लिहिलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

लेकराचा बीपी मोजायला गेलात की आईनं स्वतःचाही मोजून घ्यावा. गर्भारपणात बीपी वाढल्यामुळे दिवसांआधी बाळंत झालेल्या बाईला पुढे बीपीचा आणि किडनीचा त्रास होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बाळाच्या धावपळीत तिच्याकडे पाहायचं सगळ्यांचं राहून जातं.

५. लघवीची तपासणी : वर्षातून एकदा, सकाळची पहिली

किडनीच्या गाळण्या झिजायला लागल्या की लघवीतून प्रोटीन जातं, आणि हे साध्या पट्टीवर कळतं. पट्टी लघवीत बुडवली की पिवळा चौकोन हिरवट होतो. जितका हिरवा, तितकं प्रोटीन जास्त. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. लेकरू तीन-चार वर्षांचं झालं आणि सांगितलेलं समजायला लागलं की दरवर्षी एकदा करून घ्या. वाढदिवसाचा महिना ठरवून टाकला की विसरत नाही.

लघवी सकाळची पहिलीच हवी. दिवसभर उड्या मारल्यावर किंवा ताप असताना चांगल्या मुलाच्या लघवीतही थोडं प्रोटीन दिसू शकतं. बाटली आदल्या दिवशी लॅबमधून आणून ठेवा. औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. जागा पाण्यानं धुवा, सुरुवातीची थोडी लघवी जाऊ द्या आणि मधली धरा. आपल्यासारख्या लांबच्या गावांतून पहिल्या एसटीनं निघालं तरी लॅबला पोचायला वेळ लागतो. एप्रिल-मे असेल तर बाटली पिशवीत गुंडाळून बर्फाच्या डब्यात न्या.

पट्टीवर "ट्रेस" किंवा "एक प्लस" आलं तर लगेच धसका घेऊ नका. ताप-सर्दी नसताना पुन्हा करा. दुसऱ्यांदाही आलं तर "अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो" नावाची तपासणी सांगतात, तीही सकाळच्या लघवीवरच होते. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे तीस मिलिग्रॅमच्या खाली आलं तर ठीक. वर आलं तर लहान मुलांच्या किडनीतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा.

६. रक्त आणि सोनोग्राफी : दर वेळी नको, पण केली तर रिपोर्ट असा वाचा

दर सहा महिन्यांनी लेकराला सुया टोचत फिरायची गरज नाही. पेटीत असताना किडनीला त्रास झाला असेल, बीपी जास्त असेल किंवा लघवीत प्रोटीन असेल, तर डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफीत किडनीचा आकार आणि चुन्याचे कण दिसतात.

आता हे नीट वाचा, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या पुढे जी नॉर्मल मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते, साधारण ०.६ ते १.२. क्रिएटिनिन मांसपेशींतून येतं. लेकराच्या अंगात मांस कमी, म्हणून त्याचा आकडाही कमीच असायला हवा. तीन वर्षांच्या मुलाचं ०.८ आलं तर रिपोर्टवर ठळक छापलेलं नसेल, खाली लाल खूण नसेल, आणि तरी ते काळजीचं असतं.

हिशेब सोपा आहे आणि मोबाइलवर होतो. लेकराची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला ०.४१३ नं गुणा आणि क्रिएटिनिनच्या आकड्यानं भागा. उंची ९० सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन ०.८ असेल तर उत्तर येतं सुमारे ४६. त्याच उंचीला क्रिएटिनिन ०.३५ असेल तर सुमारे १०६. दोन वर्षांच्या पुढे हे उत्तर ९०च्या वर असायला हवं. खाली आलं तर रिपोर्ट आणि हिशेब दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हा हिशेब लावू नका. आणि म्हणूनच रक्त दिलं त्याच दिवशी उंची मोजून वहीत लिहायची. अंगणवाडीत उंची मोजायची पट्टी असते, सेविकाताई मोजून देतात.

७. ताप, खोकला, जुलाब : घरच्या घरी होणारं नुकसान इथेच होतं

तापासाठी पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. किती मिलिलिटर द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांकडून वहीत लिहून आणा आणि वजन वाढलं की नवीन लिहून घ्या. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक ही दुखण्या-तापाची औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात लेकराला जुलाब-उलट्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. ताप आणि दुखण्यासाठी दिलं जाणारं निमेसुलाइड १२ वर्षांच्या आतल्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. कुणी "लवकर उतरतो" म्हणून दिलं तर घेऊ नका.

गावात येणाऱ्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेण्याची आपली सवय आहे. तिथे बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे बोला : "डॉक्टरसाहेब, लेकरू सातव्या महिन्यातलं आहे, पेटीत होतं. किडनीला जड पडेल असं काही देऊ नका." आजी घेऊन गेली तर तिलाही हे वाक्य पाठ करून द्या. आमच्या घरात सासूबाई म्हणायच्या, "लेकरू सोन्यासारखं खेळून राह्यलं, कायले दवाखान्याचं नाव काढता?" आता त्याच प्रत्येक नवीन डॉक्टरला आधी हे सांगतात.

खोकल्याच्या बाटल्यांबद्दल विदर्भात वेगळं सांगायला नको. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाड्यातली लेकरं विषारी सिरपमुळे किडनी बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. वीसहून जास्त मुलं गेली. त्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हा कारखान्यात वापरायचा पदार्थ सापडला होता. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांच्या आत सहसा टाळायची, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य विभागानं त्या वेळी दिली. साध्या सर्दी-खोकल्याला वाफ, पाणी आणि आराम पुरतो. श्वास जोरात चालत असेल तर सिरप नको, दवाखाना हवा.

झाडपाल्याचं आणि भस्मांचं औषध देणारे मनानं वाईट नसतात. पण बाटलीत काय आहे ते लिहिलेलं नसतं, काही भस्मांत शिसं-पारा निघालेला आहे, आणि या लेकरांच्या किडनीला ती परीक्षा परवडत नाही. मेळघाटात पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटाला तापलेल्या सळईचे डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. पोट फुगलं, लघवी होत नसली, तर त्या वेळात १०८ बोलवा.

जुलाबाला ओआरएस. पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी एका ग्लासात टाकली की मीठ जास्त होतं आणि तेच किडनीला बाधतं. फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस नसतात. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस; आशाताईंकडे दोन्ही मिळतं.

आणि कारण सापडत नसलेला ताप असेल, सर्दी नाही, खोकला नाही, तर लघवी तपासायला सांगा. बाळांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग असाच येतो आणि उपचाराला उशीर झाला तर किडनीवर वण राहतात.

८. पाणी, मीठ आणि वजन

आपला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तरीही वरचं पाणी नको. आईचं दूध जास्त वेळा पाजायचं आणि आईनं भरपूर पाणी प्यायचं. त्यापुढच्या लेकराला थोडं थोडं पाणी सारखं देत राहा. शाळेत जाणारी मुलं शाळेतली मोरी घाण असते म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, मुली तर विशेष. हे गुरुजींशी बोलायलाच हवं.

एक वर्षाच्या आत वरून मीठ घालू नका. त्यानंतर घरचं वरण-भात, भाजी-पोळी, अंडं सगळं चालतं. कमी करायचं ते पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या आणि पाच-दहा रुपयांच्या पाकिटातलं खाणं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरच्या पाण्यातच मीठ जास्त असतं. लेकराला पिण्यासाठी नळयोजनेचं पाणी ठेवा.

"किडनीचं लेकरू" म्हणून डाळ-अंडी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रोटीन कमी करू नका, वाढ खुंटते. दुसऱ्या टोकाला, बारीक होतं म्हणून तूप-साखर-बिस्किटं कोंबून गुटगुटीत करायचा हट्टही नको. जास्तीचं वजन कमी गाळण्यांवर आणखी भार टाकतं.

९. हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका

सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायांवर सूज. लघवी फेसाळ, लाल किंवा काळ्या चहाच्या रंगाची. आठ-दहा तास लघवी नाही. झटका येणं, खूप डोकं दुखून उलट्या. वजन-उंची महिनोन्‌महिने तिथेच. आधी बंद झालेलं अंथरुणात लघवी करणं पुन्हा सुरू होणं, आणि सोबत खूप तहान. यातलं लघवी बंद होणं, झटका, डोकं दुखून उलट्या आणि लाल किंवा काळ्या चहासारखी लघवी हे त्याच दिवशी दाखवायचं, बाकीचं त्याच आठवड्यात.

१०. कुठे जायचं आणि पैसे कसे वाचवायचे

सुरुवात घराजवळून करा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही रीत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. आशाताईंना आठवडे आणि वजन सांगा, त्या नोंदवून घेतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, शेतात नेऊ नका. फाईलची झेरॉक्स सेविकाताईंकडे देऊन ठेवा आणि बीपी, लघवीची चिठ्ठी मागा. ती टीम जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते, आणि त्या चिठ्ठीनं तिथली रांग बरीच सोपी होते.

आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी-उपचार ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडी फी असते. एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ असेल तर सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषध, तपासणी आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत, त्यासाठी १०२.

महात्मा फुले जन आरोग्य योजना कामाची आहे, पण ती मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियेसाठी. बाह्यरुग्ण विभागातल्या साध्या लघवी-रक्ताच्या तपासणीला ती लागू होईल असं धरून खासगी दवाखान्यात जाऊ नका, बिल हातात येतं. भरती करायची वेळ आलीच तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा, मग पैसे भरा.

पुढच्या तपासणीसाठी नागपूरचं मेडिकल, एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, अमरावतीचं सुपर स्पेशालिटी हे आपल्याकडचे मोठे आधार आहेत. निघण्याआधी फोन करून लहान मुलांच्या किडनीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. वार चुकला की एसटीचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया जातात.

११. मूल मोठं होताना

दहा-बारा वर्षांनंतर तपासणी सुटते, कारण मूल धडधाकट दिसतं. पण बीपी वाढतो तो याच वयात आणि पुढे विशीत. वर्षातून एकदाचं बीपी-लघवी चालू ठेवा. आठवी-नववीत त्याला स्वतःला सांगा की तू दिवसांआधी झालास, म्हणून हे दोन आकडे तुझे तुला पाठ असायला हवेत. तंबाखू-खर्रा तर नकोच, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेऊन खायच्या नाहीत.

मुलींच्या बाबतीत घरचे लोक ही गोष्ट लपवतात, लग्नात अडचण येईल म्हणून. कृपा करून लपवू नका. दिवसांआधी जन्मलेल्या मुलीला तिच्या स्वतःच्या गर्भारपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो. सासरी जाताना फाईल तिच्या हातात द्या. दिवस गेले की उपकेंद्रातल्या पहिल्याच नोंदणीत सिस्टरांना तिनं सांगायचं की माझा जन्म अमुक आठवड्यांत झाला होता, वजन एवढं होतं. म्हणजे तिच्या कार्डावर पहिल्या महिन्यापासून दर भेटीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन लिहिलं जाईल.